पाण्याच्या दिवशी गाडीची टेस्ट

आई न्हाणीघरात घसरली ती ऐन उन्हाळ्यात. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि थोड्याच दिवसांत पुण्याचा धाकटा भाऊ निर्णय घेऊनच सोलापुरात उतरला. "अक्का, तू जुळे सोलापुरात, आई गावाच्या त्या टोकाला. सकाळ-संध्याकाळ तिच्याकडं बघणार कोण? दिवाळीला गाडी घेऊन येतो आणि तिला घेऊनच जातो." त्याच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती, म्हणून तर मला जास्त राग आला. तो गेल्यावर आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तितं वरच्या मजल्यावर न्हेऊन ठिवणार मला. खाली कोन चाललंय त्ये बी दिसायचं न्हाय." आमच्याकडं ये म्हटलं, तर लेकीच्या घरी राहायचं नाही हा तिचा हट्ट. तिथं मी हात टेकले.

रोज दोन वेळा, दोन-दोन रिक्षा बदलून मी आईकडं जायला लागले. थोडे दिवस रेटलं, मग मीच तापानं आडवी झाले. पडल्या पडल्या खिडकीतून अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली लेकीची स्कूटी दिसायची. लेक नोकरीला बेंगळुरूला, गाडी इथं धूळ खात. ताप उतरला त्या दिवशी मी जाहीर केलं, की मी गाडी शिकणार आणि दिवाळीच्या आत लायसन्स काढणार. नवरा श्रीपूरच्या साखर कारखान्यात आहे, रविवारचा तेवढा घरी येतो. त्यानं चहाची बशी खाली ठेवली.

"तुला सायकल येते का?"

"नाही."

"मग झालंच की!" म्हणाला आणि हसत सुटला. पन्नाशी ओलांडलेल्या बायकोला असं हसतात का? त्या दिवशी त्याला दुसरा चहा मिळाला नाही.

लेक मात्र खूश झाली. तिच्या ऑफिसात म्हणे असली ध्येयं ठरवायचं रीतसर शिकवतात. "आई, शिकणार-शिकणार असं मोघम नाही चालत. तुकडे पाड, तारखा टाक." तिनं रंगीत वेळापत्रक करून फोनवर धाडलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहाला सराव. आधी तोल सांभाळायचा, मग वळणं, मग रहदारी, दसऱ्यापर्यंत लायसन्स. मी त्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावली आणि येईल-जाईल त्याला दाखवली.

पहिल्या सोमवारी सहा वाजता पाणी आलं. झालं! हौद, टाकी, पिंप, घागरी, पार कुकरपर्यंत सगळं भरण्यात सकाळ गेली. बुधवारी सराव झाला. शुक्रवारी पुन्हा पाणी. पुढच्या सोमवारी तुंबलेल्या धुण्याचा डोंगर. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही त्याच्या मर्जीनं. सोलापुरात वार दोनच, पाण्याचा आणि बिनपाण्याचा. केस कधी धुवायचे, चादरी कधी भिजवायच्या, पाहुण्यांना कधी बोलवायचं, सगळं त्यावर ठरतं. लेक बेंगळुरूत राहून हे विसरली, एक वेळ समजू शकते. पण मी? मी ते वेळापत्रक खुशाल फ्रिजवर लावलं! डोंबलाचं नियोजन.

मग मी माझ्या पद्धतीनं ठरवलं. पाणी येऊन गेलं की दुसरा दिवस धुण्याचा, आणि त्यानंतर पुढचं पाणी येईपर्यंतच्या सकाळी गाडीच्या. तारीख-वार गेले खड्ड्यात. शेजारच्या वहिनी मागून गाडी धरून पळायच्या. दोघींचे पदर खोचलेले, साड्या वर, आणि कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर आमचा तमाशा बघायला दूधवाले थांबायचे. रविवारी नवरा शिकवायचा, म्हणजे "ब्रेक! अगं ब्रेक!" असं कोकलायचा. एकदा बाभळीत गेले, एकदा त्याच्याच पायावर. पण दसऱ्याच्या सुमाराला मी आईच्या गल्लीपर्यंत नाही, तरी भाजीपर्यंत जाऊन यायला लागले. शिकाऊ लायसन्स झालं होतं. पक्क्याची तारीख घेताना मी बोटांवर मोजून, नक्की बिनपाण्याचा दिवस निवडला.

आईला मी हे सगळं येता-जाता सांगत होते. ती "व्हय, व्हय" म्हणायची आणि दुसरंच काही तरी विचारायची.

टेस्टच्या आधी कुठं तरी मोठी पाइपलाइन फुटली आणि सगळ्या शहराचं पाणी एक दिवस पुढं, नेमकं टेस्टच्या दिवसावर ढकललं गेलं; आमच्याकडं येईल ते संध्याकाळी, असं मी धरून चालले. आरटीओच्या रांगेत मी हेल्मेट घालून घामाघूम उभी, आणि वहिनींचा फोन. "अहो, पाणी आलंय! तुमच्या गेटला कुलूप आहे, मोटर कशी लावू?" किल्ली माझ्या पर्समध्ये, नवरा श्रीपूरला, हौद तळाला गेलेला. खोटं कशाला बोलू, माझी पावलं वळलीसुद्धा. लग्न झाल्यापासून पाणी आलं म्हटल्यावर मी कुठं थांबलेली नाही. ताटावरून उठलेय, बारशातून उठून आलेय.

फाटकापर्यंत गेले आणि थांबले. आज गेले तर पुढची तारीख दिवाळीनंतरची. तोवर भावाची गाडी आईच्या दारात. "जाऊ दे पाणी," मी मोठ्यानं म्हणाले. रांगेतला एक माणूस मान वळवून बघायला लागला, हे बोलणारी बाई याच गावची का म्हणून. मी फोन बंद केला आणि पुन्हा रांगेत उभी राहिले.

आठचा आकडा काढायचा असतो, पाय टेकवायचा नाही. दुसऱ्या वळणाला गाडी डगमगली, मी दात-ओठ खाऊन हँडल धरलं. पाय टेकला नाही. साहेब कागदावरून वर न बघता म्हणाले, "झालं काकू, चला पुढं." एवढंच! मला वाटलं होतं निदान टाळी तरी वाजवतील.

घरी न जाता मी तशीच आईकडं निघाले. तिच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू होती. आई वॉकर धरून दारात बसली होती.

"कुनी सोडलं तुला?"

"कुणी नाही. माझी मी आले. पास झाले."

ती गाडीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आज पानी असंल की तुमच्याकडं."

"होतं. सोडून दिलं."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी घर विकून आलेय. मग समोरच्या घराकडं हात केला. "काल तिला माजा तवा दिऊन टाकला. भाकरीचा. म्हटलं, आता पुन्यात कशाला लागतोय. जा, मागून आन जा."

मला भडभडून आलं आणि संतापही आला. इतके महिने मी गाडीच्या गोष्टी सांगत होते, ही "व्हय, व्हय" करत होती, आणि मनातून घर मोडायला लागली होती. "अजून काय काय वाटलंस?" मी ओरडले. "तवाच की पयला," ती म्हणाली. "बाकीचं दिवाळीच्या तोंडावर दिनार हुते."

समोरची बाई तेलुगू, विणकरांच्या घरातली. तिच्या चुलीवर आईचाच तवा होता आणि त्यावर भाकरी फुगत होती. मी तवा मागितला तशी ती ओशाळली. "एवढी एक शेकून देते, चालंल का? का रिक्षा थांबलीय तुमची?"

"सावकाश होऊ द्या," मी म्हणाले. "मी गाडीवर आलेय."