खजुरीच्या दारावरचा युद्धदेव

आमच्या खजुरी गावच्या नरसिंगला चित्र मनासारखं जमू लागलं, की त्याच्या तोंडाला लगाम राहत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून भिंतीपुढं उभं करणार. लग्नघराच्या दाराशी दोन्ही बाजूंना भालदार काढायचे, हा त्याचा पिढीजात धंदा. पण आता फ्लेक्स आले आणि वर्षाकाठी एखादी भिंत मिळाली तरी नशीब.

यंदा ती अमृतप्पांच्या घरची मिळाली. त्यांच्या रेणुकाचं लग्न होतं. उजवीकडं नेहमीचा भालदार झाला, तशी पोरीनं मोबाईलवर परदेशातलं एक जुनं चित्र दाखवलं. ढगांत मंचकावर युद्धाचा देव बसलाय, प्रेमाची देवी त्याच्या डोक्यावर फुलांचा मुकुट धरतेय, मागं तिघीजणी उभ्या आहेत, त्याची तलवार खाली आलीय आणि पायाशी एक पोरगं पायताणाचा बंद सोडतंय. तिचा नवरदेव शिवराज सैन्यात. डावीकडं तिला हेच हवं होतं.

नरसिंग हरखूनच गेला. ते पोरगं देवीचा लेक आहे, असं रेणुकानं सांगितलं, पण ऐकतो कोण? मेहुणा नवरदेवाचे जोडे पळवतोय आणि मागच्या तिघी करवल्या, हे त्यानं ठरवूनच टाकलं. उघड्या देवीला हिरवं इरकल नेसवलं, देवाला धोतर-फेटा दिला. सगळी आळी बघायला लोटली. मी तर दिवसभर तिथून हललो नाही, इतकं ते देखणं झालं होतं!

अमृतप्पा आले नि भडकले. दारातल्या राखणदारानं हत्यार खाली ठेवलं म्हणजे अपशकुन, तेही जावई फौजेत असताना. त्यांनी चुन्याची बादली मागवली. नरसिंगचा चेहरा पडला. भिंत एकदा पुसली, की गावात पुन्हा कोण बोलावणार त्याला? रेणुका रडकुंडीला आली. शेवटी तिनं अट घातली, वऱ्हाड येऊ द्या, शिवराजनं पुसा म्हटलं तर पुसा.

वऱ्हाड आलं, वाजंत्री थांबली. शिवराज चित्रापुढं येऊन उभा राहिला. अमृतप्पांनी चित्राकडं बोट दाखवून विचारलं, पुसायचं का हे?

"मामा," शिवराज म्हणाला, "हत्यार धरून हुबारलेला शिपाई मी रोजच बघतो. बसलेला हितंच बघितलो."

अमृतप्पा पुढं झाले. त्यांनी बादलीतला कुंचला उचलला, उजवीकडच्या भालदारावर सपकन चुना ओढला आणि नरसिंगकडं वळले.

"ह्यालाबी बसीव," ते म्हणाले.