सरांच्या खोलीबाहेर

वरूडच्या दुर्गाबाईंचा विपुल अमरावतीला इंजिनिअरिंगला होता. पहिल्याच सेमिस्टरला तो फोनवर नुसता हूं-हूं करू लागला. एका रविवारी दुर्गाबाईंनी अभ्यासाचं विचारलंच नाही. माकडांनी संत्र्याच्या बागेत कसा धुडगूस घातला, तेच सांगत बसल्या. विपुल हसला आणि हसता हसता रडायला लागला.

"आई, गणित मले समजूनच नाही राह्यलं. चाचणीत कोरा पेपर देऊन आलो."

"वापस आनतो त्याले," त्याचे वडील खुशालराव म्हणाले.

"आधी मले जाऊन येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून त्या कॉलेजात पोचल्या. विपुलला आधी पोटभर जेवू घातलं. मग म्हणाल्या, "समजत नाही म्हनून सरायले सांगतलं का?"

"हासतीन ते."

"हासले तं हासले. मी येऊ का संग?"

"नको, मीच जातो," म्हणत विपुल उठला.

तो सरांच्या खोलीत गेला, त्या बाहेर बाकावर बसल्या. आत जाऊन आपणच सरांना हात जोडावेत, असं त्यांना फार वाटत होतं. एकदा तर दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

विपुल बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "रागावले, पन दर शनिवारी बोलावलं."

परीक्षेत तो गणितात जेमतेम पास झाला. पुढच्या सेमिस्टरला अडला, तेव्हा स्वतःच सरांकडे गेला आणि घरी नंतर सांगितलं. दुर्गाबाईंना बरं वाटलं, आणि आधी आपल्याला सांगितलं नाही म्हणून थोडं वाईटही.