काकाजींच्या आवाजातलं कार्टून

आज सकाळी लांडगा गेला. बदकही गेलं.

म्हणजे आमचे काकाजी गेले. बाबांचे धाकटे भाऊ. राहणार एकोडी, काम धानाची शेती, आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गावच्या नाटकाचे प्रॉम्प्टर.

पडद्याआड बसायचं आणि दुसऱ्यांना डायलॉग पुरवायचे. स्वतःला एकदा तरी पार्ट मिळावा, एवढीच हौस. दरवर्षी नाटक मंडळाला सांगायचे. दरवर्षी मंडळ म्हणायचं, "पुढच्या वर्षी पाहू गा."

आमच्या गल्लीत टीव्ही फक्त त्यांच्याकडे. रविवारी सकाळी दहाला कार्टून लागायचं. आम्ही अकरा पोट्टे साडेनवालाच हजर. पाय धुतल्याशिवाय काकू आत घेत नव्हती.

एका उन्हाळ्यात व्होल्टेज वाढलं आणि टीव्हीचा आवाजच गेला.

चित्र दिसे, बोलणं नाही. मी तर भोकाडच पसरलं.

काकाजी म्हणाले, "काहून रडून राहिली व? तोंड त्याले हलवू दे, आवाज मी देतो."

आणि जे सुरू झाले!

लांडगा एकदम घोगरा. बदक हुबेहूब काकूसारखं.

बदक ओरडायचं, "अगा लांडग्या, धानाची रोवणी तं होऊ दे, मंग खाय मले!"

लांडगा म्हणायचा, "तवापर्यंत मी काय बैलावानी तणस खाऊ?"

आतून काकू, "ते बदक माह्या आवाजात बोलून राहिलं का हो?"

हसून हसून पोट दुखायचं आमचं.

दोन महिन्यांनी टीव्ही दुरुस्त होऊन आला. लांडगा हिंदीत बोलायला लागला.

आम्हाला काही ते पटेना. शेवटी माझा भाऊ म्हणाला, "काकाजी, हा चुकीचं बोलून राहिला. आवाज बंद करा."

खरंच सांगते, आम्हाला तसंच वाटायचं. खरे डायलॉग काकाजींचे, टीव्हीवालेच चुकतात! पुढची चार वर्षं रविवारी त्या टीव्हीचा आवाज कोणी वाढवला नाही.

आता फेसबुकवर जो तो आपल्या लहानपणीच्या कार्टूनच्या पोस्ट टाकतो. टाका बाप्पा, खुशाल टाका.

आमचं कार्टून झाडीबोलीत बोलायचं. आहे का कोणाकडे?

फक्त एका गोष्टीचा राग होता. एवढा कलाकार माणूस, पण मंडळानं त्याला कधी पार्ट दिला नाही.

आज दुपारी अंगणात मंडळाचे जुने मॅनेजर बसले होते. थकलेत आता. पण माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "एक पार्ट तरी द्यायचा होता ना माणसाले."



"एका वर्षी देला होता ना पोरी. व्हिलनचा. चांगला मोठा पार्ट. पण तालीम रविवारी सकाळी."

"मग?"

"मंग काय! नाही म्हणला. म्हणे, रविवारी जमत नाही, माह्या घरी हाऊसफुल राहते."

मी तिथेच रडले. काकूही रडली. तिलाही ठाऊक नव्हतं. आयुष्यभर कोणाला याबद्दल एका शब्दानं सांगितलं नाही काकाजींनी.

पण रडता रडता ऊर असा भरून आला म्हणून सांगू! आमच्यासाठी व्हिलनचा पार्ट सोडला त्यांनी. आम्ही नाक पुसणारे, खाली बसणारे पोट्टे, आणि आम्ही त्यांचं हाऊसफुल होतो.

काकाजी, आम्हा सगळ्या पोट्ट्यांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.