त्यांच्या वाट्याचे वचन

“लक्षणे किती वाजता सुरू झाली?” डॉक्टरांनी विचारले.

“सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी.”

“अंदाजे ना?”

“अंदाजे नाही. नेमके.”

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. त्यांच्यामागच्या पडद्यावर माझ्या पतीच्या मेंदूचे चित्र उजळले होते. सीटी स्कॅन म्हणजे शरीराच्या आतील भागाची थराथराने घेतलेली क्ष-किरण चित्रे. मला ते चित्र धुके उतरलेल्या दरीसारखे दिसले.

“यात रक्तस्राव दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले. “मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा गाठीमुळे अडला आहे. याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पुष्कळ घरांतून वेळच सांगता येत नाही आणि आमचे हात बांधले जातात. तुम्हाला मिनिट कसे ठाऊक?”

“त्या वेळी आमचे बायबलवाचन चालू होते,” मी म्हणाले.

हे खरे होते, पण अपुरे होते. उरलेले सांगायला मला बरेच दिवस लागले. ज्यांच्या घरात असा प्रसंग येऊ शकेल, त्यांच्यासाठी ते येथे क्रमाने लिहिते.

आम्ही जुन्नरला राहतो. मी तेहेतीस वर्षे शाळेत शिकवले. माझे पती मनोहर पाटबंधारे खात्यात होते. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणावर पाण्याची पातळी मोजण्यात घालवली. मुलगी रूथ औषधाच्या दुकानात काम करते आणि आमच्याजवळच राहते.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून आमच्या घरी सकाळी सव्वासहाला बायबलवाचन असते. रोज एक अध्याय. प्रत्येकाने एकेक वचन वाचायचे आणि पुढच्याने न सांगता पुढचे उचलायचे. प्रथम मी, मग रूथ, मग हे, पुन्हा मी. अध्याय गाळायचा नाही. जो कंटाळवाणा वाटेल, तोसुद्धा नाही.

ही शिस्त माझी होती, हे मान्य केले पाहिजे. उच्चार चुकला, स्वल्पविरामावर कोणी थांबले नाही, की मी बोट वर करून म्हणत असे, “पुन्हा.” रूथ खांद्यावर पिशवी अडकवूनच बसायची. एकदा ती म्हणाली होती, “आई, हे देवाचं वचन आहे की शाळेतली हजेरी?” यावर हे नुसते हसले होते. ते मला कधी दुखवत नसत.

त्या दिवशी नहेम्याचा दुसरा अध्याय होता. पडलेल्या यरुशलेमेच्या तटाची तो माणूस रात्री एकटाच पाहणी करतो, तो भाग. बाहेर थंडीचे धुके होते आणि शिवनेरीचा किल्ला त्यात पुरता विरघळला होता. आरंभीची प्रार्थना आटोपली होती आणि समोरच्या घड्याळात सहा वीस झाले होते. तिसरे वचन ह्यांच्या वाट्याचे. त्यांनी सुरुवात केली आणि शब्द एकमेकांत मिसळले.

“पुन्हा,” मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाचले. या वेळी वाक्यात एकही ओळखीचा शब्द नव्हता.

“लक्ष कुठे आहे तुमचे? पुन्हा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत विनंती होती; मला ती आळसासारखी वाटली. “पुन्हा,” मी तिसऱ्यांदा म्हणाले, आणि त्यांच्या उजव्या हातातून बायबल घसरून जमिनीवर पडले.

“आई!” रूथ ओरडली. “बाबांचं तोंड बघ!”

तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती.

वाचकांनी येथे थांबून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. चेहरा एका बाजूने उतरणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे. यांपैकी एकही अचानक दिसली, तर घड्याळ पाहावे आणि निघावे. दुरुस्त करत बसू नये. मी चार मिनिटे दुरुस्त करत बसले.

इंजेक्शन वेळेत मिळाले. दुसऱ्या दिवशी उजवा पाय हलला, चौथ्या दिवशी हाताची बोटे. बोलणे मात्र आले नाही. डॉक्टरांनी सांगितले, “याला अफेझिया म्हणतात. त्यांची बुद्धी शाबूत आहे. तुम्ही बोलता ते त्यांना बरेचसे कळते. विचार आहे, पण त्याचा शब्द हाती लागत नाही.”

“शब्द परत येतील?”

“काही येतील. किती आणि केव्हा, हे मी सांगू शकत नाही.”

यापुढचे सगळे दिवस मी त्या एका प्रश्नात घालवले. चाळीस वर्षे जो आवाज रोज माझ्या आधी आणि माझ्या नंतर ऐकू येत होता, तो पुन्हा ऐकू येईल का? आणि त्याला मी शेवटचे जे सांगितले, ते ‘पुन्हा’ हेच राहील का?

रुग्णालयाचा तो वॉर्ड लांबट होता. पश्चिमेच्या खिडकीतून द्राक्षांच्या बागा दिसत आणि त्यांच्या पलीकडे डोंगरांच्या फिकट रांगा, एकीमागे एक. सकाळी धुके असले की सर्वांत मागची रांग आहे की नाही, हे सांगता येत नसे. हे तासन्‌तास तिकडे पाहत. मला वाटे, ह्यांचे शब्द त्या मागच्या रांगेत राहायला गेले आहेत.

सव्वासहाचा नेम मी मोडला नाही. रूथ कामावर जाण्याआधी येई. पण नहेम्या मी बाजूला ठेवला. धीर देणारी स्तोत्रे निवडली. मी एक वचन वाचे, रूथ एक, आणि तिसरे, ह्यांच्या वाट्याचे, मी लगेच वाचून टाकी. त्यांना कमीपणा वाटू नये, मध्ये पोकळी राहू नये, असा माझा हेतू होता. वाचन बारा मिनिटांत नीट पार पडे.

वाणी-उपचार करणाऱ्या बाई, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, आठवड्यातून तीनदा येत. त्यांनी बजावले होते, “प्रश्न विचारल्यावर मनात दहा मोजा. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.” मी ते वहीत लिहून घेतले आणि चहा, जेवण, औषध यांबाबत काटेकोर पाळले. वाचनाला तो नियम लागू होतो, हे मला सुचले नाही. वाचन म्हणजे बोलणे, असे मी कधी समजतच नव्हते.

शेजारच्या खाटेवर घाटघरचे एक वृद्ध शेतकरी होते. त्यांना न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसाचा संसर्ग झाला होता. त्यांच्या पत्नी कोंडाबाई उशाशी बसून आमचे वाचन ऐकत. एका सकाळी मी बायबल मिटले तशा त्या म्हणाल्या, “बाई, एक इचारू का? राग न्हाई ना येनार?”

“विचारा.”

“तुमी वाचता, मंग पोरगी वाचती, मंग परत तुमीच. ह्ये तिसरं कुनाचं?”

“ह्यांचे. त्यांना बोलता येत नाही, म्हणून मी वाचते.”

“आगं बया! त्यांचंबी तुमीच बोलाया लागल्यावर त्यांनी कशाला तोंड उघडावं?” मग आपल्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “मीबी ह्यांना कवा बोलू दिलं न्हाई. पर ह्यो बाबा लई बेरकी. म्या दम खायला थांबले की तेवढ्यात बोलून घेतो!”

खाटेवरचे आजोबा खोकत खोकत म्हणाले, “आत्ता खोकला आला, न्हाईतर आत्ताबी बोललो असतो, राव.”

रूथ हसली. मी ह्यांच्याकडे पाहिले. तेही हसत होते, अर्ध्या तोंडाने.

त्या दिवशी मी खिडकीशी उभी राहून पुष्कळ विचार केला. शिकवण्याच्या सवयीने मी एका माणसाला तीनदा चूक ठरवले होते, आणि आता दयेपोटी त्याची जागाच पुसून टाकत होते. दोन्ही वेळा मी थांबले नव्हते.

दुसऱ्या सकाळी मी त्यांचे बायबल आणले. अर्धवट राहिलेला दुसरा अध्याय मी रात्री एकटीने पूर्ण करून खुणेची फीत पुढे सरकवली होती. फीत जिथे होती, तिथेच उघडले: नहेम्या, तिसरा अध्याय. रूथने पाहिले आणि कुजबुजली, “आई, हा नको. नुसती नावांची यादी आहे.”

“क्रमाने हाच येतो,” मी म्हणाले.

तो अध्याय खरोखरच यादी आहे. तटाचा कोणता तुकडा कोणी बांधला, त्याच्या शेजारी कोणी, त्याच्या शेजारी आणखी कोणी. सोनार आहेत, व्यापारी आहेत, आणि एक जण तर आपल्या मुलींना घेऊन बांधायला आला आहे. मी पहिले वचन वाचले. रूथने दुसरे. मग मी थांबले.

दहापर्यंत मोजले. सलाइनचे थेंब पडत होते. कोंडाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. वीसपर्यंत मोजले. ह्यांचे ओठ हलले, मिटले. पुढचे वचन उचलून घ्यावे असे माझ्या जिभेला किती वाटले, ते मलाच ठाऊक. मी तोंड घट्ट मिटून बसले. शेवटी मी मान हलवली आणि चौथ्याकडे गेले. त्यांचे तिसरे तसेच, न वाचलेले, त्यांचे म्हणून राहू दिले.

असे चार वेळा झाले. बाहेर पहाटेचा पहिला उजेड द्राक्षांच्या मांडवांवर उतरला आणि धुके आतून उजळले, जणू कोणी दुधात दिवा ठेवावा. पाचव्या वेळी त्यांचा वाटा आला. रूथ थांबली, मी थांबले. आणि त्या शांततेतून, फार खोलातून, माझ्या ओळखीचा आवाज वर आला.

“त्याच्या... शेजारी...”

पुढचे नाव त्यांना जमले नाही. त्यांनी बोटाने ते दाखवले. रूथच्या डोळ्यांतले पाणी पानावर पडले, तिने ते पुसले आणि मी पुढचे वचन उचलले, कारण आमच्या घरी तशीच रीत आहे. पुढच्या फेरीत ते पुन्हा म्हणाले, “त्याच्या शेजारी.” त्याच्या पुढच्या फेरीतही.

“बोलले!” कोंडाबाई आजोबांना हलवत म्हणाल्या. “आवं, ऐकलं का? पावणं बोललं!”

थेरपिस्टबाईंनी नंतर समजावून सांगितले की वर्षानुवर्षे मोठ्याने उच्चारलेले, एका लयीत परत परत येणारे शब्द कधी कधी इतर शब्दांच्या आधी सापडतात. हे मी वैद्यकीय माहिती म्हणून नोंदवते. मी मात्र त्याच वेळी देवाचे आभारही मानले, आणि या दोन गोष्टींत मला विरोध दिसला नाही.

घरी आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी, तुकड्या-तुकड्यांत, ह्यांनी मला सांगितले की ते दिवस कसे होते. डिंभे धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंती वर दिसू लागतात. शब्द तसे खाली होते. “दिसत... होते,” ते म्हणाले. “पाणी... वर.” मग बराच वेळ थांबून म्हणाले, “रोज... थोडं... उतरलं.”

कुटुंबाने मिळून रोज बायबल का वाचावे, असे मला आता कोणी विचारले, तर पूर्वीचे उत्तर मी देणार नाही. पूर्वी मी म्हटले असते, ज्ञान वाढते, मुलांना वळण लागते. तेही खोटे नाही. पण रोजच्या त्या बारा मिनिटांत प्रत्येकाची एक जागा ठरते. आजारी पडलेला माणूस आपली जागा विसरला, तरी दोन्ही बाजूंची माणसे ती धरून ठेवू शकतात. त्यासाठी त्यांनी आधी रोज शेजारी बसलेले असावे लागते, आणि थांबायला शिकलेले असावे लागते. पहिली गोष्ट मला येत होती. दुसरी मी साठी उलटल्यावर एका वॉर्डात शिकले.

आता आमच्या वाचनाला चाळीस मिनिटे लागतात. रूथ पिशवी दाराशी ठेवून बसते.

त्या चार मिनिटांची क्षमा मी ह्यांच्याकडे शब्दांत मागितली नव्हती. धीर होत नव्हता. गेल्या आठवड्यात वाचताना माझे डोळे त्यांच्या उजव्या हाताकडे गेले. तो बायबल नीट धरून होता. त्या नादात मी वचनातला एक शब्द गाळला.

तोच हात सावकाश वर झाला. एक बोट उभे राहिले.

“पुन्हा,” ते म्हणाले. स्वच्छ, एका दमात. आणि हसले, या वेळी जवळजवळ पूर्ण तोंडाने.

मी पुन्हा वाचले.