कुसाबाईच्या ठंडाईतला काळा हात

आमच्या मखमलाबादच्या गल्लीत कुसाबाईइतकी सरळ बाई दुसरी नाही. तीस वर्षं झेंडू तोडते, पहाटे नाशिकच्या फुलबाजारात विकते, परत येऊन माझ्या दारातून ओरडते, "उठल्या का महाराणी?" असल्या बाईला भांग चढली, ही बातमी मी गल्लीत फिरवली नसती तर पापच लागलं असतं.

चूक तिचीच. महाशिवरात्रीला देवळात ठंडाईची दोन पातेली असतात. भांगेच्या पातेल्याला धोतऱ्याच्या फुलांची माळ, साध्याला झेंडूची. माळा कुसाबाईच करते. पिंडीला धोतरा कमी पडला म्हणून तिने पातेल्यावरची माळ काढून देवाला वाहिली, तिथे झेंडूची बांधली आणि विसरली. झेंडू बघून उपाशीपोटी त्यातलेच दोन पेले प्यायली.

तासाभराने भर सभामंडपात किंचाळली, "अश्विनचा हात काळा पडला! बोटांपासून वर चाललाय!"

अश्विन म्हणजे तिच्या निकिताचा ठरलेला नवरा. साखरपुडा आठ दिवसांवर. आणि त्याची मावशी तिथेच भजनात टाळ्या वाजवत बसलेली.

तिसऱ्या दिवशी अश्विनची आई सरुबाई मुलाला घेऊन कुसाबाईच्या दारात हजर. मी साखर मागायला म्हणून आधीच आत बसले होते.

"देवाच्या दारात माझ्या पोराला अपशकुन केला," सरुबाई म्हणाली. "खोटं होतं म्हणा, नाहीतर सोयरीक मोडली."

निकिता स्वयंपाकघराच्या दारात ओढणीचं टोक पिळत उभी. कुसाबाईचा दीर पुंजा कुजबुजला, "वहिनी, नशा होती म्हणा. मिटवा."

"नशा होतीच," कुसाबाई म्हणाली. "पण भाऊजी, भांग काय येताना चित्र घेऊन येती का? चित्र माझ्याच डोक्यातलं. ते तिथं कशाला होतं, याचा तीन दिवस इचार करतेय."

"आता हिचा इचार ऐकायचा!" सरुबाई उठायला लागली.

"बसा. समजा, देवानं दाखवलं. मग पोरात खोट पाहिजे. दाखव रे बाबा हात."

अश्विनने हात पुढे केला. कुसाबाईने उलटसुलट पाहिला. "स्वच्छ हाय. बरं, समजा, भांगेनं उगाच कायतरी दाखवलं. मग हातच का? म्हैस का नाय दिसली?"

मला हसू फुटलं. सरुबाईने असं पाहिलं, की मी ते साखरेच्या वाटीआड लपवलं.

"आता तिसरं समजा. तो हात त्याचा नव्हताच." कुसाबाईने आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवला. झेंडूच्या चिकाने बोटं पेरापर्यंत काळी. तीस वर्षांत साबणाने न निघालेली.

"हा हात माझ्या निकिताला नको, हेच डोक्यात बसलं होतं."

"सरुबाई, तुमची दोन एकर शेवंती. पहाटे तोडणीला कोण असतं?"

"मी अन् थोरली सून."

"अन् निकिताची लॅबमधली नोकरी?"

"ते लग्नानंतर बघू, असं ठरलंय ना."

"कुणाशी ठरलं?"

"माझ्याशी नाय," दारातून निकिता म्हणाली. आवाज एवढासा, पण ऐकू सगळ्यांना गेला.

सरुबाईने मुलाकडे पाहिलं, मुलाने जमिनीकडे. पुंजाने कपाळावर हात मारला. मोडलं, असं मीही मनात धरलं. गल्लीत कुठल्या घरापासून सुरुवात करायची तेही ठरवून टाकलं.

"आई," अश्विन म्हणाला, "आपण तिला इचारलंच नाय." मग निकिताकडे वळून, "तू सांग."

"मी लॅब सोडणार नाय. चालत असंल तर अंगठी आणा."

"चालंल," तो म्हणाला. कान लाल झाले होते.

"शेवंती कोण तोडील मग? तू?" सरुबाई कडाडली.

"सुट्टीच्या दिवशी मी. बाकी दिवस बाई लावू."

सरुबाई चहाला न शिवता निघून गेली. चार दिवस निरोप नाही. कुसाबाई जेवेना, मीसुद्धा चेष्टा बंद ठेवली, यावरून काय ते समजा.

साखरपुडा झाला, ठरल्या दिवशीच. सरुबाई तोंड फुगवून आली, अंगठी घालताना मात्र निकिताची बोटं क्षणभर हातात धरून बघत राहिली. जेवण व्यवस्थित केलं. फक्त कुसाबाईने सरबताचा पेला पुढे केला, तेव्हा पिशवीतून घरची पाण्याची बाटली काढली.