जड गोळी, हलकी गोळी आणि तांडेलमामा

पोलिसांकडे किस्से कमी पडत नाहीत. नाकाबंदीला उभं राहिलं की दोन तास काही घडत नाही, आणि काही घडत नसलं की माणसं वाद घालतात. वादातून किस्से होतात, फुकटात. आमच्या चौकीवर एकच वाद होता आणि तो २०१४ला मी हजर झाले तेव्हापासून चालूच होता.

तलासरीच्या अलीकडे हायवेवर आमची चौकी. तिथे दोन हवालदार. एक तांडेलमामा, धाकटी डहाणूचे, घरात मासेमारी. दुसरे राऊत, चिकूच्या वाडीवाले, नेमबाजीत पहिले येणारे. मामांकडे जुनं रिव्हॉल्व्हर, राऊतांकडे पिस्तूल. रिव्हॉल्व्हरची गोळी जड आणि संथ, पिस्तुलाची हलकी आणि वेगवान. समोरच्याला आडवं कोण करणार, जड की वेगवान, हा वाद.

मामा म्हणायचे, "होडी किती हळू येते? पण धक्क्याला लागली की धक्का हलतो."

राऊत म्हणायचे, "मामा, तुमची होडी येईपर्यंत चोर वापीला पोचेल."

वरून गंमत वाटायची, पण मामांचा जीव खरंच त्यात अडकलेला होता. जुनी रिव्हॉल्व्हरं जमा होऊन सगळ्यांना पिस्तूल येणार, अशी बातमी होती. पिस्तुलावर जो पास होणार नाही त्याची ड्युटी पालघरला, गोदामात. मामांची रिटायरमेंट जवळ आलेली. ते एकदा मला म्हणाले, "सुनंदा, सगळी नोकरी रस्त्यावर गेली गं. शेवटी मला खोक्यांची राखण करायला बसवू नका म्हणावं." मला फार वाईट वाटलं. मी चहा सांगितला, दुसरं काय करणार?

*

एकदा मामांनी एक ट्रकवाला थांबवला. कागद बघितले, सगळे बरोबर. तरी सोडेनात. बिचारा घाबरला.

मामांनी विचारलं, "समज, समोरून भरलेला ट्रक हळू येतोय आणि रिकामा टेम्पो सुसाट येतोय. तुला जास्त भीती कोणाची?"

राऊतही धावत आले. "घाई करू नको. नीट विचार करून सांग."

ड्रायव्हर वलसाडकडचा. त्याने दोघांकडे बघितलं, मग दोघांच्या कमरेकडे बघितलं आणि हात जोडले. "साहेब, बेउनी बीक लागे. पण सौथी वधारे तमारी."

दोघांचीही भीती वाटते, पण सगळ्यात जास्त तुमची. मी पटकन बॅरिकेड बाजूला केलं आणि त्याला जा म्हटलं.

*

खऱ्या गोळ्या उडवून बघायची सोय नाही, एकेका गोळीचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून राऊतांनी सुट्टीच्या दिवशी वाडीत प्रयोग ठेवला, गलोलीने. मामा घरून जाळ्याला लावायची शिशाची वजनं घेऊन आले. राऊतांनी बारीक गोटे निवडले. चिकूच्या फांदीला एक पपई टांगली. मी पंच.

मामांचं शिसं पपईच्या खालून गेलं आणि ओट्यावरची घागर फुटली. राऊतांचा गोटा पपईच्या वरून कुंपणापलीकडे गेला आणि तिकडून शेजाऱ्याची म्हैस ओरडली. पपई आपली टांगलेली.

मामा म्हणाले, "घागर फुटली की नाही? हेच वजन."

"म्हैस किती लांब होती बघा. हाच वेग," राऊत म्हणाले.

राऊतवहिनी बाहेर आल्या. पपई उतरवली, विळीवर चिरली, आमच्यापुढे ताटली ठेवली. मग म्हणाल्या, "हिला ना वजन लागतं ना वेग. धार लागते. खा आणि दोघे मिळून घागर आणायला जा."

दोघे एकाच मोटरसायकलवर डहाणूला गेले. वाटेतही भांडले असणारच.

*

जानेवारीत पोलीस सप्ताहात आम्ही एका आश्रमशाळेत हत्यारं दाखवायला गेलो. टेबलावर चादर, त्यावर पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर. राऊत वेगावर बोलले, मामा वजनावर बोलले. मग राऊत परत बोलले. गुरुजी पेंगायला लागले.

शेवटी एक मुलगी उभी राहिली. "काका, तुम्ही किती चोरांना गोळी मारली?"

राऊतांनी मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे.

"एकालाही नाही," मामा म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी पण नाही."

"मग जोरात कुठली लागते ते तुम्हाला कसं कळलं?"

राऊत म्हणाले, "ते पुढच्या इयत्तेत आहे, बेटा." गुरुजी एकदम जागे झाले आणि त्यांनी आभार मानून टाकले.

*

आणि मग २०१९ला ती ऑर्डर खरंच आली. मामांनी रिव्हॉल्व्हर जमा केलं, त्याआधी रुमालाने पुसलं. पिस्तूल काही त्यांच्या हातात बसेना. ट्रिगर दाबताना डोळे मिटायचे. राऊत रोज संध्याकाळी चौकीमागे त्यांना रिकामं पिस्तूल धरायला शिकवायचे आणि दोघे रोज तणतणत परत यायचे.

चाचणीच्या दिवशी दोघे शेजारी-शेजारी उभे. समोर दोघांची दोन टार्गेटं. मागे गोळीबार शिकवणारे उस्ताद, बाजूला मी. मामांनी शिट्टीआधीच डोळे मिटले होते. मी मनात महालक्ष्मीला नारळ बोलले. शिट्टी झाली, दोघांनी गोळ्या संपवल्या.

उस्ताद आणि मी टार्गेटं बघायला गेलो. मामांच्या टार्गेटवर कडेकडेला दोन-चार भोकं, कुठेही विखुरलेली. आणि बरोबर छातीच्या मध्यावर भोकांचा एक घोस, वाटीखाली झाकला जाईल एवढा. मामा पास.

राऊतांच्या टार्गेटवर मोजून पास होण्यापुरती भोकं, बाकी कोरं. दरवर्षी पहिले येणारे राऊत, कसेबसे काठावर.

उस्तादांनी एकदा हे टार्गेट बघितलं, एकदा ते. मग परत येऊन म्हणाले, "राऊत, हे काय?"

राऊत सावधानमध्ये उभे. "सर, गोळी हलकी आहे. वाऱ्याने सरकली."

रेंजवर झाडाचं पान हलत नव्हतं.

मामांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. म्हणाले, "मग? इतकी वर्षं मी काय बोंबलतोय?"