सुनेच्या खांद्याला सोसेल ते काडतूस

रानडुक्कर माझ्याकडं धावत आलं तेव्हा माझी सून डोळे मिटून बसली होती.

बार तिनंच काढला होता, चाळीस पावलांवरून. गोळी डुकराला लागलीच नाही. ओढ्यापलीकडच्या दरडीत घुसली आणि चिखल उडाला. बंदूक मात्र दणक्यानं मागं आली आणि वरच्या दुर्बिणीची कड तिच्या भुवईवर बसली. ती मटकन खाली बसली. रक्त डोळ्यात उतरलं. आवाजानं बावरलेलं डुक्कर जिकडं वाट मोकळी दिसली तिकडं निघालं, आणि त्या वाटेवर मी उभी होते.

मी पळाले नाही. शूर आहे म्हणून नव्हे, गुडघे साथ देत नाहीत म्हणून. मागं सरायला गेले आणि चिखलात बसकण मारली. तेवढ्यात मळ्याच्या मालकिणीची कुत्री मध्ये घुसली. तिनं डुकराचा कान धरला. डुकरानं मान झटकली तसा त्याचा सुळा तिची मांडी फाडत गेला, पण त्याचं तोंड वळलं. माझ्या बुटापासून दोन हातांवरून ते गेलं आणि पाणगवतात दिसेनासं झालं.

"आई! आई, तुम्ही ठीक आहात ना?" सून ओरडत होती.

"ठीक आहे. तू आधी डोळे उघड."

मालकीण माझ्याच वयाची गोरी बाई. नवरा गेलेला, मुलं शहरात. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बंदूक धरता येत नव्हती. तिनं आधी कुत्रीला उचललं, मग माझ्याकडं हात केला. मला त्याचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

तिच्या यूटमध्ये, म्हणजे मागं उघडा हौदा असलेल्या गाडीत, बसल्यावर ती सुनेशी काहीतरी बोलली. सुनेनं भुवईवरचा टॉवेल आणखी दाबला.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"ऑगस्टमध्ये तिच्या मेंढ्या व्यायला लागतील. डुकरं जन्मलेली कोकरं तिथंच खातात. गेल्या वर्षी निम्मी गेली. तोवर मला नीट मारता यायला लागलं तर ठीक, नाहीतर ती दुसरे शिकारी आणेल. मग आपण यायचं नाही."

"बरोबर आहे तिचं."

"तुम्ही माझ्या बाजूनं बोला ना जरा!"

"कुत्री बोलू शकली असती तर तिलाच विचारलं असतं कुणाची बाजू घ्यायची."

त्या दिवशी सुनेला चार टाके पडले, कुत्रीला अकरा. दोघींच्या जखमा दोन आठवड्यांत भरल्या. तेव्हा जून चालू होता. दोन महिने होते हातात.

आम्ही राहतो परदेशात, वॉलॉंगॉंगला. सून पोर्ट केंब्लाच्या पोलादाच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. मुलगा घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो. कारखान्यातले निम्मे लोक सुट्टीत शिकारीला जातात आणि सोमवारी हरणाचं मटण डब्यात आणतात. सून पुण्याला कॉलेजात एनसीसीत होती. तिथं छोट्या रायफलीनं नेम मारून तिनं पदकं आणली होती. इथं कुणीतरी म्हणालं, मेट, तूही ये, आणि ती गेली. परीक्षा दिली, परवाना काढला. घाट चढून दोन-अडीच तास आत गेलं की या बाईचा मेंढ्यांचा मळा लागतो. तिनं सुनेला जमिनीवर यायची लेखी परवानगी दिली. इथं तशी परवानगी असल्याशिवाय कुणाच्या रानात पाऊल टाकता येत नाही. सुनेकडं तेवढी एकच होती. आठवडाभर भट्टीजवळ काम करून ती शनिवारची वाट बघायची. ती परवानगी गेली असती तर सुनेचा चेहराच उतरला असता कायमचा. मला घरात तसलं तोंड बघत जेवायचं नव्हतं.

चूक कुठं झाली ते मला ठाऊक होतं. चूक मूळची माझीच.

मुलगा लहान असताना मी त्याला प्रत्येक कपडा वाढत्या अंगाचा घ्यायचे. शाळेची चड्डी गुडघ्याखाली, बुटाच्या टोकात कापूस. त्याचं अंग वाढेपर्यंत चड्डी फाटायची, पण मी सुधारले नाही आणि तोही सुधारला नाही. आता तो घरात सगळं मोठं आणतो. तीन माणसांना सात लिटरचा कुकर. फ्रिज असा की त्यात मी मावेन. सुनेनं रायफल घ्यायची म्हटल्यावर यानंच आठ दिवस कॉम्प्युटरवर बसून निवड केली. परवाना तिचा, अक्कल याची.

"एकदाच घ्यायची वस्तू आहे," तो म्हणाला होता. "आज डुक्कर, उद्या सांबर मारायचं म्हटलं तर? तीनशे मॅग्नमच घे. वर्षभर वापरलीस की अंगवळणी पडेल."

म्हणजे काडतूसही वाढत्या अंगाचं. वर तिला डोंगरात उचलायला सोपी पडावी म्हणून बंदूक घेतली सगळ्यात हलकी. आत दारू जास्त आणि बंदुकीचं वजन कमी. मग तो दणका जाणार कुठं? पन्नास किलोच्या बाईच्या खांद्यात.

मी चौथी शिकले. पण माझ्या बापाकडं शेतराखणीची ठासणीची बंदूक होती, आणि ती लाथ मारते कशी हे मी जवळून पाहिलंय. आमच्या वाडीत एक जण बार काढायच्या आधीच तोंड फिरवायचा. पारधीला त्याला मुद्दाम कडेला उभा करायचे. डुकरापेक्षा त्याचीच भीती जास्त. सून ओढ्याकाठी बसली होती तेव्हा मला तोच आठवला. बार निघायच्या आधीच तिनं डोळे मिटले होते. मी पाहिलं होतं.

घरी जेवताना मी ते बोलले.

"मी डोळे मिटत नाही, आई," सून म्हणाली.

"मिटतेस."

"तुम्ही डुकराकडं बघत होतात की माझ्याकडं?"

"तुझ्याकडं. बंदूक तुझ्या हातात होती."

मुलगा हसला, मग तिच्या भुवईकडं बघून त्यानं ताटात मान घातली.

जखम भरल्यावरच्या शनिवारी आम्ही तिघं नेमबाजीच्या रेंजवर गेलो. तिथं नवशिक्यांना शिकवणारा एक पोटसुट्या म्हातारा आहे, मी त्याला मास्तर म्हणते. सुनेनं त्याला सगळं सांगितलं. मी मध्येच तिला म्हटलं, "त्याला सांग, एकदा काडतूस भरू दे, एकदा नको. पण तुला कळू द्यायचं नाही कधी आहे आणि कधी नाही."

मास्तर मोठ्यानं हसला. ही युक्ती त्यांच्यातही जुनीच होती. त्यानं खिशातून एक नकली काडतूस काढलं, सुनेकडं पाठ करून बंदूक भरली आणि तिच्या हातात दिली.

पहिला बार खरा होता. कानठळ्या बसल्या. गोळी कागदाला लागलीच नाही. दुसऱ्या वेळी तिनं चाप ओढला आणि नुसतं टिक वाजलं. पण बंदुकीची नळी वीतभर खाली गेली, खांदा पुढं आला आणि डोळे घट्ट मिटले. समोर काही झालंच नव्हतं. बाई एकटीच दचकली होती.

मग सूनच हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले.

"बघितलंत? एनसीसीची सुवर्णपदकवाली!"

"त्यात लाज कसली," मी म्हटलं. "लाथ खाल्लेलं जनावर दुसऱ्यांदा जवळ येताना अंग चोरतंच."

मास्तरनं ओळखीच्या दोघांकडून दोन बंदुका मागून आणल्या. एक टू फोर थ्री. तिचा दणका जवळजवळ नाहीच. सुनेनं पाच गोळ्या कागदावर तळहाताएवढ्या जागेत बसवल्या आणि ती फुलून गेली. मास्तर म्हणाला, डुकराला ही पुष्कळ झाली, नीट जागी मारली तर. पण सांबर इथलं दोनशे किलोच्या वर जातं, त्याला ही गोळी तोकडी.

"म्हणजे लहान घेतली की पुन्हा मोठी घ्यावी लागणारच," मुलगा लगेच म्हणाला. "मी तेच सांगत होतो."

"तू गप्प बस," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

दुसरी होती सेव्हन एमएम ओ-एट. मला ते नाव तोंडात बसत नाही, मी तिला सातवाली म्हणते. काडतूस मॅग्नमपेक्षा आखूड, दारू बरीच कमी, पण गोळी जाडजूड. बंदूकही अंगानं भरलेली. मास्तरनं सुनेला कानात बोंडं घालायला लावली आणि त्यावर परत कानपट्टे. म्हणाला, निम्मी भीती आवाजाची असते, खांद्याची नव्हे. दुर्बीण दोन बोटं पुढं सरकवली. दस्त्याला मागं रबराची गादी होती.

तिनं बार काढला. मी डोळ्यांकडंच बघत होते. पहिल्याला मिटले. दुसऱ्याला अर्धे. मध्येच मास्तरनं गुपचूप नकली काडतूस भरलं, तेव्हा नळी जराशी हलली. पुढच्या वेळी हललीच नाही.

मग मास्तर माझ्याकडं वळला. "यू वॉन्ट अ गो?"

मला तेवढं इंग्रजी येतं. मी "येस" म्हटलं.

"आई, वेडी झालीस का?" मुलगा म्हणाला.

"मेले तर तुझ्याच फ्रिजमध्ये ठेव. जागा आहे."

एक फॉर्म भरावा लागतो, तो सुनेनं भरला आणि मी सही केली. मास्तर पाठीशी उभा राहिला. मी टेबलाशी बसून वाळूच्या पिशवीवर बंदूक ठेवली आणि चाप ओढला. म्हशीच्या रेडकानं दूध पिताना ढुशी द्यावी तेवढा धक्का बसला. दुसऱ्या दिवशी खांद्यावर खूणसुद्धा नव्हती. गोळी कागदाच्या कोपऱ्याला लागली. मास्तरनं तो कागद मला दिला, तो माझ्या खोलीत लावला आहे.

"हीच घे," मी सुनेला म्हटलं. "मला सोसली म्हणजे तुला सोसेल."

मुलगा गाडीतसुद्धा थांबेना. "पण काडतूस लहान आहे, आई. डुक्कर एवढं मोठं."

"डुकराला काडतुसाचं माप दिसत नाही. गोळी कुठं लागली तेवढं कळतं त्याला. तुझी मोठी गोळी दरडीला लागली. दरड मेली का?"

आठवडाभरात मॅग्नम डीलरकडं परत गेली. सातवालीचे कागद व्हायला थोडे दिवस लागले. आली तेव्हा दस्ता सुनेच्या हाताला लांब पडत होता. डीलरकडच्या माणसानं तो इंचभर कापून दिला. मुलगा बघत उभा होता. नवी कोरी वस्तू कापतात हे त्याला बघवेना.

जुलैभर सून दर शनिवारी रेंजवर जायची. एका वेळी वीसच बार. जास्त केले की खांदा थकतो आणि डोळे पुन्हा मिटायला लागतात, असं मास्तरचं म्हणणं. घरी ती रिकामी बंदूक धरून भिंतीवरच्या टिंबावर नेम धरायची. मी भाजी निवडता निवडता समोर बसून डोळे मोजायचे.

"मिटला."

"नाही मिटला!"

"डावा मिटला. परत."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मालकिणीचा फोन आला. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि ओढ्याच्या चिखलात डुकराच्या खुरांचे ताजे ठसे दिसत होते. आम्ही दोघी गेलो. ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा, गवतावर दहिवर गोठलेलं होतं. या खेपेला मी यूटमधून उतरले नाही. मालकीण स्टिअरिंगशी बसली, मी तिच्या शेजारी, कुत्री आमच्या दोघींच्या पायांत. सून पुढं कुंपणाच्या खांबाला टेकून बसली.

उन्हं नुकती पडत होती तेव्हा डुक्कर पाणगवतातून बाहेर आलं. काळं, खांद्यात उंच. ते मेंढ्यांकडं चाललं होतं, घाईत नव्हतं. मालकिणीनं माझं मनगट धरलं. तिची बोटं बर्फासारखी गार होती. ती डुकराकडं बघत होती. मी सुनेकडं.

डोळा उघडा होता. बार झाला तेव्हाही उघडा होता.

डुक्कर गुडघ्यांवर आलं आणि परत उठलं. मॅग्नम असती तर ती तेव्हा भुवई चाचपत बसली असती. इथं दुर्बीण जागची हलली नव्हती, डुक्कर तिच्या समोरच होतं. तिनं दुसरं काडतूस सारलं आणि दुसरा बार काढला. डुक्कर आडवं झालं ते उठलं नाही.

मालकीण म्हणाली, "गुड गर्ल." कुत्रीला म्हणाली की सुनेला ते मला कळलं नाही. दोघींना चाललं असतं.

मी डुकराचे वाटे कसे घालायचे ते मनात ठरवत होते. पण मालकिणीनं सांगितलं, या भागातल्या डुकरांना रोग असतात, कुणी खात नाही. हातमोजे घालून पुरतात. एवढं मटण मातीत. मी मोठ्यानं हळहळले, आणि सून मला हसत खड्डा खणत राहिली.

त्या महिन्यात तिनं आणखी दोन डुकरं मारली, एकेका गोळीत. मालकिणीनं परवानगीच्या कागदावर पुढच्या वर्षाची तारीख घातली.

मेंढ्या विऊन झाल्यावर दोन कोकरं गेली होती, दोन्ही थंडीनं. बाकीची सगळी जगली.